कावासाकीतलं हळदीकुंकू

॥ श्री ॥
कावासाकी, १२ डिसेंबर २००३

ती. दमुआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भाच्याचं, अंबरीषचं, इथलं कॉन्ट्रॅक्ट वाढलं आणि मी अध्यक्ष झाले. पहिली बातमी रीतसर आहे, दुसरी अपघाताची. जुईच्या शाळेत पालकसभा होती. इथे समोरचा बोलत असताना ‘हाय, हाय’ म्हणत मान हलवली की आपण ऐकतोय असं त्याला कळतं, हे अंबरीषनं शिकवलं होतं. त्याचा अर्थ ‘हो’ असाही होतो, हे सांगायचं राहिलं. सभा संपली तेव्हा सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. गरजू कुटुंबांसाठी शाळेनं नेमलेल्या समितीची मी प्रमुख! अंबरीष हसता हसता खुर्चीवरून पडला.

पण काम हसण्यासारखं नाही. या भागातले कारखाने बंद पडलेत, बऱ्याच घरी तंगी आहे. शाळेनं जाकिटं, बूट, पीटीचे कपडे गोळा करून कपाट भरलंय, आणि एकही माणूस न्यायला येत नाही. मी सगळं टेबलावर मांडून बसले, तर पालक टेबलाला वाकून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. जुईच्या शेजारी बसणारी मियुकी आठवडाभर शाळेत आलेली नाही. तिचे पीटीचे कपडे आखूड झालेत, मुलं हसतात, असं जुई म्हणते. तिची आई ओगावा-सान, म्हणजे ओगावाबाई, डबे भरायच्या कारखान्यात जाते. मी गाठोडं घेऊन घरी गेले, तर तिनं दहादा वाकून ते परत केलं आणि वर एक मुळा दिला.

तुम्ही वस्तीतली शाळा चालवता. काहीतरी सुचवा.

माया आहेच, सोबत अक्कलही थोडी पाठवावी.
तुमची,
वृंदा

पुणे, २३ डिसेंबर २००३

चि. सौ. वृंदास अ. उ. आ.

अध्यक्षपदाबद्दल अभिनंदन. आमच्याकडे लोक त्यासाठी भांडतात, तू नुसती मान हलवलीस.

अगं, चारचौघांत ‘मदत घ्या’ म्हणून टेबल मांडलंस, तर तिकडे फिरकेल कोण? मीही एकदा माइकवरून नावं पुकारून रेनकोट वाटले होते. फोटो नगरसेवकांचा छान आला, पोरं भिजतच घरी गेली. तेव्हापासून मी संक्रांतीचं हळदीकुंकू करते. डॉक्टरीणबाई असो की कचरा वेचणारी, वाण सगळ्यांना. वाण हा बाईचा हक्क, ते घ्यायला कुणी लाजत नाही. कुणाला काय लागतं ते आधी वर्गशिक्षिकांकडून गुपचूप काढ, आणि त्याची पुडकी बाहेरून सारखी दिसतील अशी बांध. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनाही दे, नाहीतर रांगच चुगली करेल.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून इतकं लिहिलं. एरवी मी पोस्टकार्डावर भागवते.
दमुआत्या

कावासाकी, २७ जानेवारी २००४

ती. दमुआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं हळदीकुंकू! निमंत्रणाचं जपानी जुईनं केलं: ‘पिवळी पूड, लाल पूड, शनिवारी शाळेत.’ त्यामुळे अर्ध्या बायका साफसफाई आहे समजून एप्रन बांधून, झाडू घेऊनच आल्या. मुख्याध्यापकांनी पुरुष चालतात का विचारलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी कपाळ पुढे केलं, मग काय करणार? त्यांच्यामागे पीटीचे सर, त्यांच्यामागे शिपाई. सगळ्यांना कुंकू लावलं.

पुडकी मात्र भराभर गेली! ओगावा-साननं तिचं दोन्ही हातांनी घेतलं, आणि सोमवारी मियुकी नव्या कपड्यांत मैदानावर सगळ्यांच्या पुढे धावत होती. मी खिडकीत उभी राहून डोळे पुसले.

पण त्याच सकाळी घोटाळा झाला. इथे काही घेतलं की परतभेट द्यावीच लागते. शाळेच्या दारात मुळे, रताळी, संत्री, कोबी यांचा ढीग! ज्यांच्या घरी चणचण, त्यांच्यावरच मी खर्च लादला, असं वाटून मला रडू फुटलं. ओगावा-साननं बाह्या वर केल्या आणि जुईकरवी मला बजावलं, की रडून भाजी टिकत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एवढं मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांना सूप प्यायला बोलावलं, उरलेल्या भाज्या जाताना घरोघरी वाटल्या. बायका चिरायला बसल्या आणि बोलायला लागल्या. कुणाच्या नवऱ्याला काम हवं होतं, कुणाच्या दुकानात माणूस हवा होता, तिथेच जमलं! आता दर शनिवारी सूप. ओगावा-सान हुकूम सोडते, मी मुळे सोलते.

काल तिनं मलाच एक पुडकं दिलं. अंबरीष स्टेशनवर पातळ स्वेटरमध्ये कुडकुडताना तिला दिसला होता म्हणे. आत जाड, ऊबदार कोट होता. मला नको म्हणवेना. कोटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी छापलंय. अंबरीष आज तो मिरवत ऑफिसला गेला आणि संध्याकाळी जुईनं वाचून दाखवलं: ‘ताजी मासळी, रोज पहाटे.’

आशीर्वादाची ऊब अशीच राहू द्यावी.
तुमची,
वृंदा

पुणे, ७ फेब्रुवारी २००४

चि. सौ. वृंदास अ. उ. आ.

पत्र शिक्षकखोलीत मोठ्यानं वाचलं. पुढच्या शनिवारी आमच्याकडे आमटीचं पातेलं चढतंय, भाजी घरोघरची.

अंबरीषला म्हणावं, थंडी सरेपर्यंत कोट अंगावरून काढायचा नाही. आपल्या सोवळ्या घराण्यात प्रथमच कुणीतरी पहाटे उठून काही विकतंय. सुरमईचा भाव कळव.

आहे तेवढं प्रेम पुरवून वापर.
दमुआत्या