भरती चढताना

प्रिय आई,

अमेरिकेतून तुला वाकून नमस्कार. वाकता येतं गं आता, जिना चढताना गुडघा कुरकुरतो एवढंच. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. रडू नकोस, पुढचं वाच! ज्या कॉलेजकडून मी फुटबॉल खेळले, तिथेच मुलींची सहाय्यक कोच झालेय!

काल पहिला सराव घेतला. शिरगावच्या किनाऱ्यावर भरती चढली की आमचं मैदान लहान होत जायचं आणि आम्ही उरलेल्या पट्टीत खेळत राहायचो, आठवतं? तसंच मी इथे कडेच्या खुणा हळूहळू आत सरकवल्या. म्हटलं, समुद्र आला! मुली आधी एकमेकींवर आदळल्या. मग तेवढ्याशा जागेत असे पास द्यायला लागल्या की मी नाचलेच.

बाबा अजून नारळाच्या वाडीला एकटेच पाणी लावतात का? माझ्या आळशी भावाला, विक्रमला, उठव जरा.

मैदानात उतरावंसं वाटेल, याची मला भीती होती. पण मी कडेला उभी राहून मजेत ओरडत होते. तुझीच आठवण आली. "पानी चढलं हाय, घरी ये गो!" अशा हाका मारत तू वाळूत उभी असायचीस. हाका मारता मारता तू अख्खा खेळ बघायचीस, हे मला काल कळलं.

तुझीच,
मेघाली