मायचा डावा हात

मंगळवार, संध्याकाळ

मोहफुलं वेचताना मायची कंबर दुखू नये असं काहीतरी बनवायचं म्हणून सुट्टी काढून गावी आले. डिझाइनर ना मी! पण रोज वाकलेल्या मायची नुसती चित्रंच काढत बसले.

आज सकाळी चित्रातला डावा हात खोडला. उजव्या हातानं ती फुलं उचलते, डावा नुसता गुडघ्यावर असतो. पाठीची रेघ त्याच्याआड जात होती. खोडला, आणि कागदावरची माय तोंडावर पडेल असं वाटायला लागलं.

तीही डोकावली. "काऊन वं, मले पाडून राह्यली का?"

म्हणजे सगळा भार त्या डाव्या हातावर! आणि मी तोच खोडत होते?

दुपारी टोपलीच्या मधोमध बांबूचा उभा दांडा बसवला, खाली जमिनीला टेकणारा. माय कुरकुरली, "लोकं हासतीन." तरी उरलेली फुलं वेचायला तीच टोपली घेऊन गेली. डावा हात दांड्यावर. गुडघ्याकडे एकदाही गेला नाही.

दांडा अजून डुगडुगतो. घट्ट करायला टोपली मागितली.

"राहू दे इथीच," ती म्हणाली. "सकाळी मले लागते."