सावडीतला सोमवार

३ ऑक्टो. १९७४
हस्ताचा पाऊस दुपारी थांबला. दोन दिवसांत वाफसा येईल, माती पेरणीजोगी होईल; मग ज्वारी पेरायला चारच दिवस. माझा एक बैल, शेजारच्या शिवाप्पाचा एक. अकरा वर्षं सावड होती: एक दिवस त्याचं रान, एक दिवस माझं. गेल्या वर्षी मोडली.
सोलापुरात ट्रॅक्टर विचारला. पंधरा दिवस मोकळा नाही.

४ ऑक्टो.
भाकरी थापता थापता पार्वती म्हणाली, "येका बैलानं पेरणी हुती व्हय? का दुसऱ्या अंगाला तुमी सोता जुपून घेताय?" हसलो.
गेल्या वर्षी शिवाप्पाचं रान आधी पेरलं. माझ्या पाळीला बैल आला नाही. सोमवार होता. त्याची बायको दुखण्यातून उठली म्हणून त्याने सोमवारी बैल न जुंपण्याचा नेम धरलेला. मला हे मागाहून कळलं. मंगळवारी तो बैल घेऊन दारात उभा, तर मी म्हणालो, माझा लंगडतोय. त्याने बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
लंगडत नव्हता. हे कुणाला सांगितलेलं नाही.
माझी पेरणी लांबली. निम्मंच उगवलं.

६ ऑक्टो., रविवार
महादेवाला बेल वाहताना हात अडला. तसाच उठून बैल सोडला, त्याच्या बांधावर गेलो.
"पैल्यांदा तुझं पेरू."
"आन् तुझं?"
"बघू की."
शिवाप्पाने बैलाचा पाय चाचपला. "बरा झाला म्हन की."
"लंगडत नव्हता, शिवा."
"ठाव हाय."
दिवस मावळेपर्यंत त्याचं रान पेरून झालं. घरी हातपाय धुताना ध्यानात आलं, उद्या सोमवार.

७ ऑक्टो.
एक दिवस थांबायचं मनाशी ठरवलं होतं. उजाडताच घुंगरं वाजली. शिवाप्पा, बैलासकट.
"चल, जुपू."
"तुझा नेम?"
"देवाला सांगून आलोय."
"मला कुटं इचारलंस? उद्या जुपू."
"रान वाळंल की, लेका."
"वाळू दे."
त्याने बैल माझ्या दावणीला बांधला. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाला आणि रिकाम्या हातांनी गेला.
सांजेला रानात जाऊन माती मुठीत दाबली. गोळा होतो, पण बोट लावलं की फुटतो; वाफसा अजून आहे. वारा सुटलाय.
गोठ्यात दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालून उभे. त्याचा उजवीकडे, माझा डावीकडे, जुवाखाली असायचे तसे.