फ्लेक्स आधी, निकाल मागनं

१२ जानेवारी

आली! मेल आली! कॉलेजवरनं हुपरीला येणाऱ्या एसटीत उभ्यानं वाचली. एका हातात वरची दांडी, दुसऱ्यात मोबाईल. जर्मनीतल्या एम.एस्सी.च्या स्कॉलरशिपसाठी मुलाखतीला बोलावलंय. वहीत अशा अकरा स्कॉलरशिपांची नावं होती, आठ केव्हाच खोडली. एकीत वय बसत नाही, एकीत विषय बसत नाही, एक ट्रस्ट म्हणाला आम्ही फक्त डॉक्टर होणाऱ्यांना देतो. उरलेल्या तिनांतल्या दोन निम्माच खर्च देतात. फी, राहणं, खाणं, विमान, सगळं देणारी ही एकटीच. ही नाही मिळाली तर जर्मनी नकाशातच बघायची.

बहुतेक मी बसमध्येच ओरडले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काय झालं गं, पाकीट मारलं व्हय?"

घरी आई खिडकीपाशी पैंजणाच्या कड्यांना डाख लावत बसलेली. चांदीची कडी जोडायची म्हणजे डाख वितळवायचा, आणि डाख वितळला की धूर. खिडकी उघडी, तरी खोकला चालूच. सांगितलं. मान वर न करता म्हणाली,

"म्हंजे मिळाली?"

"न्हाई गं. नुसती मुलाखत."

"मग दे जा की मुलाखत." जशी काय कोपऱ्यावरनं कोथिंबीरच आणायचीय.

वडलांना, आप्पांना, सांगितलं. मग बाळूकाकांना सांगितलं. तिथं चुकलं.

१५ जानेवारी

चौकात बसमधनं उतरले तर वर मी.

दहा बाय आठचा फ्लेक्स. फोटो ताईच्या लग्नातला. नथ तशीच, शेजारचा नवरदेव कापलाय पण त्याचा हात माझ्या खांद्यावर राहिलाय. डोक्यावरनं विमान. खाली: "हुपरीची वाघीण निघाली जर्मनीला! कु. पूनम हिची परदेशी स्कॉलरशिपसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" त्याखाली शुभेच्छुक, बावीस. आणि कोपऱ्यात झेंडा. बेल्जियमचा.

बाळूकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. घुंगरांचा धंदा. आवाज असा की फोन नुसता कानाला शोभेला लावतात. फ्लेक्सखालीच उभे होते, लोकांना चहा पाजत.

"काका, निवड झालेली न्हाई! मुलाखत हाय नुसती!"

"म्हाईत हाय की मला."

"मग हे काय?"

"अगं, आज न्हाई तर उद्या हुणारच हाय न्हवं? मग गर्दी असती फ्लेक्सवाल्याकडं. आत्ता निवांत हुता."

"आणि झेंडा? हा दुसऱ्या देशाचा हाय."

"रंग तर तेच हायत की!"

"उभे हायत. आडवे पायजेत."

"मग मान वाकडी करून बघ."

हसू पण येत होतं आणि रडू पण. पलीकडच्या पावण्यांनी माझ्या हातात पेढा ठेवला. खाल्ला.

१६ जानेवारी

एसटीत जागा मिळाली. उठून दिली एका आजोबांनी! कंडक्टर म्हणाला, "जर्मनीला एक फुल का?" सगळी बस हसली. मी पण. लाज निम्मी गेली.

खरं सांगायचं तर बसच्या खिडकीतनं दोनदा वळून बघितला फ्लेक्स. बरी दिसते मी त्यात.

१८ जानेवारी

वाट लागली.

स्कॉलरशिप देणाऱ्या फाउंडेशनची मेल. अतिशय सभ्य, म्हणून जास्त भीती वाटली. "आमची स्कॉलरशिप आपल्याला मिळाल्याचे आपण जाहीर केल्याचे निदर्शनास आले. निवड अद्याप झालेली नाही. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपल्या अर्जाचा विचार होणार नाही." खाली माझाच फ्लेक्स चिकटवलेला. नथीसकट.

त्यांना कुठनं कळलं? काकांनी फ्लेक्सचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, आणि फाउंडेशनला टॅग केलं. टॅग कसं करायचं ते त्यांना कुणी शिकवलं? मी. दिवाळीत. नव्या घुंगरांचे फोटो गिऱ्हाईकांना दिसावेत म्हणून तासभर बसवून शिकवलं. घ्या.

काकांना नको ते बोलले. "तुमच्या हौसेपायी माझं वाटोळं झालं," असं म्हणाले. काका गप्प बसलेले मी जन्मात बघितले नव्हते.

१९ जानेवारी

सकाळी चौकात नुसत्या बल्ल्या. काकांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. इन्स्टावरचं पण काढलं. रात्री जेवले नाहीत म्हणे. काकूनं सांगितलं.

गेले त्यांच्याकडं. घुंगरं निवडत बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी दहावीला दोनदा बसलो, दोनदा आपटलो. तुझा बाप सातवीत आफूला बसला." (आफू म्हणजे पैंजणाची फुलं ठोकायचं काम.) "ह्या चौकात कुणाकुणाचं फ्लेक्स लागत्यात, वाढदिवसाचं सुदिक. आपल्या घरातलं एक न्हाई. म्हटलं लागू दे एकदा. चुकलो."

मी रडलो. (बोलताना आम्ही इकडच्या पोरी पोरांसारखंच बोलतो, लिहिताना पण आलं. राहू दे.) मग काकांनी काकूला ओरडून सांगितलं, "ताट वाढ, दोन!" आवाज परत आला.

२० जानेवारी

खुलासा लिहायचाय. उद्या शेवटचा दिवस. माने बाईंकडं गेले, राजारामपुरीत. कॉलेजात केमिस्ट्रीला होत्या, आता रिटायर, मूळच्या पुण्याच्या, तरी बत्तीस वर्षं कोल्हापुरात सगळ्यांना पुरून उरल्यात.

पहिला मसुदा दाखवला. "सदर प्रकाराबद्दल मी अत्यंत दिलगीर असून…" बाईंनी चष्मा काढला.

"पूनम, हे वाचून मला झोप आली. आणि मी तर तुला ओळखते. त्या बिचाऱ्यांचं काय होईल? फ्लेक्स म्हणजे काय ते त्यांना माहीत तरी आहे का?"

"न्हाई."

"मग ते सांग की!" (पुण्याच्या बाईंचा 'की'. अजून बत्तीस वर्षं राहिल्या तर 'न्हाई' पण म्हणतील.)

बाईंच्याच डायनिंग टेबलावर बसून लिहिलं. आमच्याकडं फ्लेक्स म्हणजे सरकारी घोषणा नसते, ती गल्लीची हौस असते. निकालाची वाट बघायची आमच्या लोकांना सवय नाही. मग खाली बावीस नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर एक ओळ. बारावीच्या प्रत्येक पेपराला मोटारसायकलवर सोडणारे हे. जुना लॅपटॉप देणारे हे. प्रोजेक्टसाठी चांदीचा चुरा देणारे पॉलिशवाले हे. नंबर चौदानं माझ्यासाठी काही केलं नाही, पण फ्लेक्सची वर्गणी दिली, म्हणून त्यांचं नाव. ते पण लिहिलं.

बाई वाचताना दोनदा हसल्या. एकदा नाक पुसलं. पाठवलं.

२४ जानेवारी

उत्तर आलं!!! "खुलासा मिळाला. मुलाखत ठरल्याप्रमाणे ऑनलाइन होईल. शक्य असल्यास फ्लेक्सही दाखवावा."

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, म्हटलं न्हवतं? चांगलं काम कधी वाया जात न्हाई." अरे देवा.

पण फ्लेक्स आहे कुठं? शोधला. शेजारच्यांच्या गोठ्यावर टाकलाय, छप्पर गळतं म्हणून. माझं तोंड आतल्या बाजूला. म्हैस चार दिवस मलाच बघतेय. दूध वाढलं म्हणतात.

कॅमेऱ्यासमोर धरणार कसा? फोटो काढला, गोठ्यासकट.

२ फेब्रुवारी

झाली मुलाखत.

आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही म्हणून बाईंच्या घरी. दुपारी अडीच. बाई म्हणाल्या, "इंग्रजीत आहे ते बरं, नाहीतर 'मी येतो, मी जातो' करत बसली असतीस." काका दाराबाहेर पहारा देत उभे, कुणी बेल वाजवू नये म्हणून. कुणीही आलं की काकाच "शूऽऽ" असं करायचे, तेच आत ऐकू यायचं.

पडद्यावर तिघं. पहिला अर्धा तास विषयाचा. धूर न होणारा डाख, कुठला धातू किती घालायचा, कुठल्या तापमानाला वितळतो. सगळं आलं. फाडफाड. मग फ्लेक्सचा फोटो दाखवला. तिघांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी झेंडा हेरला. "बेल्जियमला पण अर्ज केलाय का?" तिघं हसले, मी हसले, बाहेर काका पण हसले. त्यांना कळलं काहीच नव्हतं.

मग त्याच बाईंनी विचारलं, "ह्या बावीस जणांत तुमची आई कुठली?"

पहिल्यापासनं सगळी नावं परत मनात मोजली.

आई नाहीये त्यात. काकू नाही, आत्या नाही, एकही बाई नाही. बावीसच्या बावीस बाप्ये. चार दिवस चौकात लागला होता, मी खाली उभी राहून पेढा खाल्ला, प्रत्येक नावासमोर ओळ लिहिली, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्याच!

तेच सांगितलं, जसंच्या तसं. "नाही. आणि ते मला आत्ता कळतंय." मग थांबताच आलं नाही. खिडकी, धूर, खोकला. माझ्या जन्माच्या आधीपासनं ती कड्या जोडतेय. हा विषय मी पुस्तकात बघून नाही घेतला, तिच्या शेजारी बसून अभ्यास करताना माझे डोळे चुरचुरायचे, तिथनं घेतला. व्याकरण सगळं कोलमडलं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "थँक यू, पूनम." बाकीच्या दोघांनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं का वाईट, देवाला माहीत.

बाहेर आले. काका: "काय झालं?"

"म्हाईत न्हाई काका. पण लई भारी वाटतंय."

"मग मिसळ खाऊया." खाल्ली. दोन प्लेट, वर तिखट कट जास्त मागितला.

९ मार्च

निकाल मार्चअखेर. रोज मेल बघते, दिवसातनं चाळीस वेळा. आप्पा काही विचारत नाहीत, नुसता माझ्या मोबाईलचा आवाज झाला की हातोडी थांबते त्यांची.

वहीतल्या निम्मा खर्च देणाऱ्या दोन स्कॉलरशिपांना पण अर्ज करून ठेवला. बाईंचा हुकूम. बाकीच्या निम्म्याचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "आधी उंबरा तर ओलांड."

आईचा खोकला तसाच. आज कॉलेजच्या लॅबमधला पंखा लावून धूर बाहेर ओढायचा जुगाड केला खिडकीत. आई म्हणाली, "वारं लई येतंय गं, डाखाची बत्ती विझती." मग अर्ध्या तासानं: "बरं वाटतंय पण."

२२ मार्च

अजून काही नाही. मेल बघून बघून बॅटरी संपली.

आज फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले, एकटीच. म्हटलं, जानेवारीतली फाईल आहे का? होती. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. झेंडा बदलला, काळा-लाल-पिवळा, आडवा. खांद्यावरचा दाजींचा हात काढला. आणि शुभेच्छुकांच्या वर, सगळ्यात पहिलं नाव घातलं. "कुणाचं हे?" त्यानं विचारलं. हुपरीत जन्म गेला त्याचा, आमच्या घरावरनं रोज जातो, आईला 'पूनमची आई' म्हणून ओळखतो. नाव माहीत नाही.

"छापू?"

"थांबा. निकाल येऊ दे."

फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले. आईला लॅपटॉपवर दाखवली. ती म्हणाली, "माझं नाव कशाला त्या चौकात? कावळं बसत्यात वर. पुसून टाक."

बरं म्हटलं, पुसते, आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून चहा टाकायला गेले. परत आले तर बत्ती बंद करून, पदराला हात पुसत, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाचत होती. ओठ हलत होते. मला बघून सरळ झाली.

"मेल आली काय?"

"न्हाई अजून."

"येईल की." मग पुन्हा पडद्याकडं बघून, हळूच: "ते सुनंदा जरा मोठ्या अक्षरात हुईल काय गं?"