तुमच्या बाटलीतलं पाणी

अहो मनीचे पप्पा,

चौथी शिकलेली बाई कसलं पत्र लिहिती, म्हणून हसाल. हसा. फोटोपुढं बोलाय गेलं की मनी आत येती आन् गप बसावं लागतं. म्हणून तिच्या वहीचं पान फाडलंय.

परवाच्या रविवारी मी राजगड चढले.

व्हय, मीच! "तुजं गुडघं बरं न्हाईत, तू पायथ्याला पाली गावात शिदोरी राखत बस," तुमी म्हणायचा आन् मनीला, भावजींच्या पोरांना घेऊन निघायचा. दर वर्षी! भाताच्या खाचरात दिवसभर वाकणारी बाई मी, आन् माझं गुडघं वाईट? तरी खरं धरलं. पिठलं गार होईस्तोवर बसायचे.

मनीच म्हणाली, "आई, यंदा पप्पा न्हाईत, तू चल."

अर्ध्या वाटेवर ताकवाली बसती. मनीला बघून म्हणाली, "काय गं, पप्पा न्हाई आलं?"

"वारलं, मावशी."

तिनं भरलेला ग्लास खाली ठेवला. "अरं देवा! ह्याच दगडावर बसायचं बिचारं. पोरं वर जाऊन येस्तोवर, छातीवर हात ठिवून."

"वर न्हाई जायचं?" म्या विचारलं.

"कुठलं वर! दमच पुरायचा न्हाई. आमी म्हणायचो डाक्टरला दावा. तर म्हणायचं, मंडळींना कळलं तर माजा गड बंद हुईल."

"मंडळी म्हंजी मीच, मावशी."

मनी मधीच बोलली, "शपथ घातली होती गं त्यांनी."

म्हणजे ताकवालीला ठाऊक, पोरीला ठाऊक. आन् एका ताटात जेवणारीला न्हाई!

आन् दर वर्षी गडावरनं आणून द्यायचा ती बाटली? "वरच्या तळ्याचं पाणी हाय, देव्हाऱ्यात ठेव." ताकवाल्या मावशीनंच सांगितलं, तिच्या कळशीतलं निघालं की ते! तुमच्या आईच्या तोंडात शेवटचा घोट म्या त्याच पाण्याचा घातला. तुमी उशाशी उभं होता. तवा तरी जीभ कशी उचलली न्हाई?

गड झाला की बनेश्वरच्या देवळात जायचो. नसरापुरात डाक्टरच्या दारावरनं जायचो हो! तिथंच मला भेळ घेऊन द्यायचा. एक शब्द बोलला असता तर हाताला धरून आत नेलं असतं. ओरडले असते, व्हय. मग सहा महिन्यांमागं छातीत कळ आली, आन् त्या दारापर्यंत पोचलासुद्धा न्हाई. आता कुणावर ओरडू?

त्या दगडावर मी बसले न्हाई. तरातरा वर गेले. गुडघ्याला काय धाड भरलीय! तळ्याचं पाणी भरून घेतलं. हिरवट हाय, पण खरं हाय.

येताना त्याच डाक्टरकडं शिरले, माझी छाती दाखवली. मग मनीला म्हणलं, "आता तू बस."

"मला काय झालंय?"

"तुझ्या बापालाबी काय झालं नव्हतं."

स्टुलावर बसली.

बाटली तुमच्या फोटोपुढं ठेवलीय. दर वर्षी चढीन, खरं पाणी आणीन. दगडापाशी तुमच्या वाटणीचं ताक पिईन. मनीची शपथ तेवढी सोडवली. तुमाला माफ केलं, असं मात्र मनात आणू नका.

जिला कळू द्यायचं नव्हतं, ती
तुमची मंडळी