नमुना रुमालात, माल चुंगडीत

मुक्काम ढाणकीजवळ, ता. उमरखेड
दि. ११ जानेवारी २००७

चिरंजीव अश्वजित वकील, पुसद, यास उकंडामामाचा सप्रेम जयभीम. तुझा खोकला गेला असेल व चि. सौ. दीपा खुशाल असेल, अशी आशा आहे. येथे माझी प्रकृती उत्तम. प्रतिष्ठेची मात्र नाजूक आहे.

गेल्या साली बाजारात कापसाला कोणी विचारीना, म्हणून यंदा पेरणीआधीच आम्ही बारा कास्तकारांनी उमरखेडच्या देवीलाल व्यापाऱ्यांशी बिनरासायनिक कापसाचा करार केला. जमीन वाचावी, विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहावे आणि भावही बरा मिळावा, असा तिहेरी हेतू. एकाचा माल खोटा निघाला तर बाराही जणांचा परत, अशी अट. अक्षर चांगले म्हणून हमीपत्र मी लिहिले (गांडुळांवर एक परिच्छेद पदरचा घातला) आणि वेचणी होताच नमुन्याचा कापूस इस्त्रीच्या रुमालात नेला.

माल सुती पिशव्यांतून आणावयाचा होता. तुझ्या मामीने माझ्या जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवल्याही. परंतु माझे धोतर उमरखेडच्या चौकात उताणे पडलेले मला पाहवले नसते. म्हणून शेजारच्या श्रावणकडून युरियाच्या पाच रिकाम्या चुंगड्या मागून आणल्या व त्यांत कापूस भरला.

उमरखेडला माल उतरवताच देवीलाल म्हणाले, "काकाजी, कापूस बिनखताचा अन् त्याचे कपडे खताचे?"

लोक हसले. मी अपमान गिळला, तू आमच्याकडे विसरलेले वस्तुविक्रीच्या कायद्याचे पुस्तक काढले आणि मोठ्याने वाचू लागलो: नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असावा. अर्ध्यावर ध्यानात आले, की हे कलम माझ्याच अंगावर येत आहे. पण चौथी उत्तीर्ण मनुष्य वाक्य अर्धवट सोडीत नाही. पूर्ण वाचले. देवीलाल "बराबर" म्हणाले आणि माझा माल सोमवारच्या तपासणीपर्यंत गोदामात अडकवला.

तरी त्यांस कडक नोटीस धाडावी: चुंगडी म्हणजे माल नव्हे.

तुझा मामा,
उकंडा (चौथी, पहिला क्रमांक)

ता. क. – नोटीस धाडू नये. हे पत्र वाचून दाखविले तेव्हा तुझी मामी म्हणाली, "चुंगड्या श्रावणच्या, तं त्याइच्यावर तुमचं नाव काहून हाये जी?"

ता. क. दुसरा – चुंगड्या माझ्याच. आषाढात कापसाची पऱ्हाटी पिवळी पडली व माझा धीर सुटला. पाचही चुंगड्या युरिया शेतात दिला. तुला ठाऊकच आहे, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर मी सुवाच्य अक्षरात नाव व तारीख घालतो. गोदामात नावाची बाजू भिंतीकडे करून आलो आहे.

ता. क. शेवटचा – सोमवारी चुंगड्या फिरवल्या जातील. त्याआधी मला स्वतः देवीलालांपुढे उभे राहून सांगावयाचे आहे, की दोष एकट्या उकंडाचा; बाकी अकरा जणांचा माल नमुन्याबरहुकूम आहे. ते अकरा सुटतील असा कबुलीजबाब लिहून रविवारच्या एस.टी.ने ये (हे पत्र कंडक्टरच्या हाती देत आहे). गांडुळांचा उल्लेख मात्र कोठेही नको. त्यांना तोंड दाखविण्याची माझी सोय राहिलेली नाही.