मागच्या खोलीतले राक्षस

वर्धा,
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. कुसुमताईस,
धाकट्या यज्ञेश्वरचा सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना हा पत्र काहून लिहून राहिला, असं तू म्हणशील. ताई, मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनवर ओरडतो, आणि मी ओरडलो की चित्रासकट अख्खी गल्ली ऐकते. स्थळाची चौकशी अशी जाहीर सभेत करायची नसते. पत्र वाचून कपाटात ठेव, नरहरभाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

चित्राला तुमच्या रायपूरचं स्थळ आलं आहे. मुलगा सौमित्र, वय तेहतीस, सिमेंटच्या कारखान्यात इंजिनियर. वडील नाहीत, त्यांचं तिथल्या पंडरी बाजारात कापडाचं दुकान होतं, ते आता भाड्यानं दिलंय. घरी फक्त आई, सत्यभामाबाई. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले, दोघं रोज फोनवर बोलतात. आमच्या पोरीनं तिशी ओलांडली तरी आजवर एकही मुलगा तिला दोन दिवसांच्या वर बोलण्यासारखा वाटला नव्हता. आता तर चित्राला स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकलं म्हणे तिच्या आईनं. मला ऐकू आलं नाही, पण मी विश्वास ठेवतो.

आता खरी गोष्ट. व्हिडिओवर बोलताना त्याच्या मागे काचेचं कपाट दिसतं आणि त्यात राक्षस उभे असतात. सिनेमातले. एक मगरीच्या पाठीचा, एक पट्ट्या गुंडाळलेला मुडदा, एकाला वटवाघळाचे पंख. हौस असते एकेकाची, म्हणून मी गप्प बसलो. पण परवा त्यानं चित्राला विचारलं, की लग्नानंतर मागची खोली आपली. तिथे एकतर राक्षसाचा छातीइतका उंच स्टॅच्यू मावेल, नाहीतर हातपाय वळवता येतात त्या जुन्या फिगर राहतील, दोन्ही नाही. तर काय ठेवायचं ते तू ठरव. तेहतीस वर्षांचा बाप्या होणाऱ्या बायकोला हे विचारतो! आणि एकदा नाही, तीनदा विचारलं. साध्या हौसेपायी माणूस तीनदा विचारत नाही. यात काहीतरी पाणी मुरतंय.

तू एकदा घर पाहून ये. तुझ्या नजरेतून सुटेल असं काही असलं तर ते नसलेलंच समजू.
माया आहेच, ती मुलीच्या बापावर जरा जास्त असू दे.

तुझा,
यज्ञेश्वर


तात्यापारा, रायपूर,
१९ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर यास,
कुसुमताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यांच्या हाती पडलं नाही, पण पाकीट पडलं. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं, आणि मला पंडरीला स्कूटरवर सोडायला स्वतःहून तयार झाले. पडद्याचं कापड घ्यायचं निमित्त केलं आणि मी पत्ता विचारत सत्यभामाबाईंकडे गेले. सकाळीच फोन केला होता, कारण न सांगता जाणं बरं दिसत नाही. ती माझी चूक झाली, कारण त्यांना तयारीला वेळ मिळाला.

बाई गोड आहेत. जरा जास्तच गोड. मुलगाही घरी होता. नम्र आहे, पाया पडला, चहा स्वतः आणला. त्याला मी सरळ विचारलं, की बाबा रे, हे राक्षस काय प्रकार आहे. तर कपाटाचं कुलूप उघडून एकेक दाखवला. हे स्टॅच्यू म्हणे, एकाच जागी उभे राहायचे, हात लावायचा नाही, ब्रशनं धूळ काढायची. किल्ली त्याच्याच गळ्यात. मग त्या हातपाय वळणाऱ्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, की मले त्यांचा शौक नाही, मी त्यांले हात पण लावत नाही. एवढं बोलून आईकडे पाहिलं. आईनं लगेच मला दुसरा लाडू वाढला.

यज्ञेश्वर, मी हात धुवायला म्हणून आत गेले आणि मागच्या खोलीचं दार लोटून पाहिलं. जमिनीपासून वीतभर उंच चौरंग आहे. त्यावर ते हातपाय वळणारे राक्षस समोरासमोर मांडी घालून बसवलेले, पंगतीला बसावे तसे. प्रत्येकापुढे ताटलीच्या जागी शर्टाचं बटण. कोपरांवरचा रंग पार उडालाय, एकाचा तुटलेला हात दोऱ्यानं बांधलाय. हे काही हात न लावलेल्या वस्तूचं लक्षण नाही. रोज कोणीतरी त्यांना उठवतं, बसवतं.

आणि मोरीच्या फळीवर ताटं निथळत होती, ती तीन. घरात माणसं दोन. कामवालीचं असेल, असं मनाला समजावलं, पण कामवाली संध्याकाळी येते असं बाईंनीच आधी सांगितलं होतं. मला त्या घरात कोणीतरी आहे असं वाटत राहिलं. मुलगा वाईट वाटला नाही, हेही लिहून ठेवते. चोरी त्याच्या डोळ्यांत नव्हती, दडपण होतं.

चित्राला आताच काही सांगू नकोस.
आशीर्वाद तर आहेतच, त्यांचं पोस्टेज लागत नाही.

तुझी,
कुसुमताई


वर्धा,
२७ डिसेंबर २०२४

ती. सौ. कुसुमताईस,
यज्ञेश्वरचा सा. न., यावेळी जरा रागातच. वि. वि.

मूल आहे! ताई, दुसरं काय असणार? तिसरं ताट, बटणांच्या ताटल्या, वीतभर उंचीचा चौरंग. त्या पोट्ट्याचं पहिलं लग्न झालेलं आहे आणि मूल लपवून ठेवलंय. तू येणार म्हटल्यावर शेजारी नेऊन बसवलं असेल. हिला म्हटलं तर ही म्हणते, तुम्हाला सगळीकडे भानगडच दिसते. दिसते, कारण असते.

चित्राला मी एवढंच बजावलं, की त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. तिनं का म्हणून विचारलं. मी कारण सांगितलं नाही, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कॉलेजात शिकवून येते, जेवते, वर जाते. गुणगुणणं बंद झालंय असं हिचं म्हणणं. माझ्या काळजाला लागतंय गं. नकार कळवला तर ती मला माफ करणार नाही आणि होकार दिला तर मी स्वतःला.

संक्रांत येते आहे. तीळगूळ घेऊन जा, आणि यावेळी फोन करू नकोस. मूल दिसलं की मला एका ओळीत कळव, बाकी मी पाहतो.
तुझा जीव आमच्यात आहे म्हणून हक्कानं सांगतो.

तुझा,
यज्ञेश्वर


तात्यापारा, रायपूर,
१५ जानेवारी २०२५

चि. यज्ञेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका ओळीत मावणारं नाही, म्हणून शांतपणे बसून वाच.

मूल नाही. काल दार उघडलं ते चाळिशीच्या माणसानं. उंच, केस पिकायला लागलेले, स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली. मी कोण, काय, काही विचारलं नाही. मी तीळगूळ पुढे केला, तो त्यानं घेतला, तोंडात टाकला आणि आत निघून गेला. मी उंबऱ्यातच. थोड्या वेळानं तो दोऱ्यानं हात बांधलेला राक्षस घेऊन आला, माझ्यासमोर दाराजवळच्या टेबलावर उभा केला आणि त्याचे दोन्ही हात हळूच वळवून जोडले. मग माझ्याकडे पाहत राहिला. मला नमस्कार केला होता त्यानं, यज्ञेश्वर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी त्या राक्षसालाच सुखी राहा म्हणाले.

सत्यभामाबाई गच्चीवरून धावत आल्या आणि मला आत घेऊन बसल्या. तो त्यांचा थोरला, भार्गव. जन्मापासून बोलत नाही, पण समजतं सगळं. बोलायचं ते त्या फिगरकडून बोलतो. मन खूश असलं की त्यांना पंगतीला बसवतो. स्टॅच्यू त्याच्या कामाचे नाहीत, कारण ते जसे आहेत तसेच राहतात. बाई रडत म्हणाल्या, की भार्गवचं नाव काढलं की स्थळ परत येत नव्हतं, मग काय करतो माय? म्हणून कोणी पाहायला येणार असलं की त्याला जवळच्या अभनपूरला मामाकडे नेऊन ठेवतात. डिसेंबरात मी फोन करून गेले तेव्हाही तसंच केलं होतं. आणि लग्न ठरलं की तो कायमचा तिकडेच राहणार. त्याची खोली ती चित्राची खोली.

आता तुला त्या प्रश्नाचा अर्थ कळला असेल, फिगर राहिल्या तर भार्गव राहील. मी भार्गवच्या खोलीत गेले. सगळे राक्षस भिंतीकडे तोंड करून उभे होते. दाराशी कापडदुकानातलं रिकामं खोकं आणि सुतळी. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही म्हणे, पण खोकं दिसतं ना.

सौमित्र कारखान्यातून आला तेव्हा मी तिथेच बसून होते. त्याला मी सोडलं नाही. म्हटलं, माझ्या भाचीला आंधळेपणानं कौल द्यायला लावलास, का रे? तो म्हणाला, की आईनं शपथ घातली होती, भार्गवबद्दल बोलायचं नाही. मग त्यानं ठरवलं, मुलगी फिगर ठेव म्हणाली तर आईशी भांडायचं, स्टॅच्यू म्हणाली तर गप्प बसायचं. आणि चित्रानं स्टॅच्यू सांगितलाय, विचारल्यापासून पहिल्याच आठवड्यात. हे तुला माहीत होतं का? ती म्हणाली म्हणे, एकच वस्तू, पुसायला सोपी. पोरीचं काय चुकलं, तिला कोणी सांगितलं होतं?

तो पोरगा लबाड आहे की भित्रा, हे मला अजून ठरवता येत नाही. पोरीच्या तोंडून भावाला घराबाहेर काढायचं आणि हात झटकायचे, असंही असू शकतं. येत्या रविवारी भार्गवला न्यायचं ठरलंय. चित्राचं कळेपर्यंत थांबा असं मी बजावलं, बाईंनी मान हलवली, पण मला त्या मानेचा भरवसा नाही. स्पीड पोस्टानं पाठवते आहे. हे पत्र चित्राच्या हातात दे. फोनवर अर्धवट ऐकण्यापेक्षा तिनं पुरतं वाचावं. आणि तू काही ठरवू नकोस, पाया पडते तुझ्या.

तुम्हा सगळ्यांवरचा माझा जीव तसूभरही कमी नाही.

तुझी,
कुसुमताई


वर्धा,
२४ जानेवारी २०२५

ती. सौ. कुसुमआत्यास,
चित्राचा नमस्कार. वि. वि.

पत्र सोमवारी आलं. पाकिटावर ‘चित्राच्या हाती’ असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून बाबांनी ते फोडलं नाही, तसंच माझ्या हातात दिलं. असं पहिल्यांदाच झालं. मी वाचलं, मग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि खालच्या भाडेकरूंनीही ऐकलं असेल. बाबा चष्मा पुसत म्हणाले, मी मूल आहे म्हणत होतो गं. एवढंच. नंतर जेवले नाहीत.

रविवार उलटून गेला होता. मी लगेच सौमित्रला फोन केला. भार्गवदादा अभनपूरला गेले होते, खोकं त्यांनी स्वतःच मांडीवर धरून नेलं. त्या मानेवरचा तुमचा संशय खरा ठरला.

आत्या, मला इतका राग कधी आला नव्हता. मी काय म्हणाले होते? पुसायला सोपं. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाले होते, काही विचार न करता. त्या एका शब्दावर त्यानं सख्ख्या भावाचं बिऱ्हाड हलवलं! मी भरपूर बोलले. तो ऐकत होता, रडतही होता बहुतेक, पण मला त्याचं रडणं नको होतं. शेवटी मी सांगितलं, की माझं उत्तर मी परत घेतलंय. आता समज, मी नकार दिलाय. माझ्यानंतर दुसरीही कोणी येणार नाही. आई काय म्हणेल तेही सोड. आता तुझं तू सांग, काय ठेवायचं? एवढं बोलून मी फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं.

बुधवारी दुपारी कॉलेजात असताना त्याचा फोन आला. मागे बसचे हॉर्न वाजत होते. अभनपूरच्या स्टँडवर होता, शेजारी दादा आणि खोकं. घरी घेऊन जातोय, म्हणाला. आई सकाळपासून त्याच्याशी बोललेली नाही. काचेचं कपाट त्यानं एका ओळखीच्याला स्टॅच्यूंसकट देऊन टाकलं. ते मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यात मला कौतुकही वाटलं नाही. वस्तू देऊन टाकल्यानं कोणी शहाणं होत नाही. पण मी होकार देणार का, हे त्यानं विचारलं नाही. एवढा वेळ फोनवर होता, शेवटपर्यंत नाही विचारलं.

बाबांना अजून शंका आहे. आपण गेलो की दाखवायला म्हणून दादांना आणलं असेल आणि लग्न झाल्यावर पुन्हा पाठवतील, असं त्यांचं म्हणणं. मला ती शंका अजिबातच नाही असं नाही. म्हणून पुढच्या रविवारी, २ फेब्रुवारीला, आम्ही दोघं येतो आहोत. पंडरीला तुम्ही सोबत चला, आणि फोन करू नका. रीतीनं मुलाकडचे मुलीला पाहायला येतात, ते माहीत आहे मला. पण यावेळी मीच पाहायला येते.

मी अजून हो म्हटलेलं नाही, आत्या. म्हटलं तर भार्गवदादांच्या समोर, त्यांच्याच खोलीत बसून म्हणेन. नाही म्हणायची वेळ आली तर तेही तिथेच बसून. घरात काय ठरतंय ते यापुढे त्यांना खोक्यावरून कळायला नको.

तुमची,
चित्रा